किलोमीटर शून्य कुठून मोजायचा?

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आई इकडे आली होती. लंडनहून आम्ही चार दिवस व्हिएन्नाला गेलो, आणि त्यातला एक दिवस बोटीने ब्रातिस्लावा करून यायचं ठरवलं. डॅन्यूबवरून साधारण साठ किलोमीटर, सव्वा तासाचा प्रवास. बोट मोठ्या पात्रात आल्यावर थोड्या वेळाने आईने मला कोपराने ढोसलं. "अगं, हे आकडे कमी का होतायत? आपण पुढेच चाललोय ना?"

काठावर ठरावीक अंतराने फलक लावलेले होते. १९१०, मग १९०९, मग १९०८. मी ते पाहिलेच नव्हते. माझं लक्ष मांडीवरच्या पुस्तकात होतं, आणि ते पुस्तक होतं याच नदीबद्दलचं! आई पस्तीस वर्षं बँकेत होती. उतरत्या आकड्यांवर तिचा विश्वास नाही. शेवटी एका खलाशाला विचारलं. त्याने हाताने पुढे, पूर्वेकडे दाखवलं आणि म्हणाला, तिकडून मोजतात, समुद्राकडून.

या महिन्याच्या भागात आपण नद्यांवरच्या पुस्तकांबद्दल बोललो. ऐकला असेल तर आठवत असेल की क्लाउदिओ माग्रीस यांच्या 'डॅन्यूब'बद्दल मी भरभरून बोलले, आणि मग "पण एक तक्रार आहे" असं म्हणेपर्यंत वेळ संपली. ती तक्रार इथे नीट मांडते. तिचं मूळ आईच्या त्या प्रश्नात आहे.

पुस्तक काय आहे

माग्रीस हे त्रिएस्तचे. जन्म १९३९ चा, जर्मन साहित्याचे प्राध्यापक. त्रिएस्त आज इटलीत आहे, पण १९१८ पर्यंत ते हाब्सबुर्ग साम्राज्याचं बंदर होतं, आणि इटालियन, स्लोव्हेनियन, जर्मन अशा तिन्ही भाषा तिथे नांदत होत्या. 'डॅन्यूब' इटालियनमध्ये १९८६ साली आलं. मी ते पॅट्रिक क्रे यांच्या इंग्रजी अनुवादात वाचलं. उगमापासून काळ्या समुद्रापर्यंत साधारण २८५० किलोमीटरचा प्रवास, नऊ प्रकरणं, आणि प्रत्येक प्रकरणात छोटी छोटी शीर्षकं देऊन लिहिलेले तुकडे. कधी एखादं गाव, कधी एखादी कबर, कधी विस्मृतीत गेलेला कवी, कधी खानावळीतला संवाद. याला प्रवासवर्णन म्हणावं, निबंध म्हणावं की कादंबरी, यावर अजून एकमत नाही, आणि ते होऊही नये.

सुरुवातच अफलातून आहे. डॅन्यूब नेमकी उगम पावते कुठे? ब्लॅक फॉरेस्टमधल्या दोन गावांचा यावर जुना दावा आहे. डोनाउएशिंगेनच्या राजवाड्याच्या बागेत एक गोल, सजवलेलं कुंड आहे. तो 'अधिकृत' उगम. फुर्टवांगेनचे लोक म्हणतात, छे, आमच्याकडे ब्रेग नावाचा झरा आहे, तो कितीतरी लांबून येतो, खरा उगम तोच. हा वाद माग्रीस एखाद्या शोधनिबंधाच्या गंभीर चेहऱ्याने सांगत जातात, आणि मग हळूच तिसरा सिद्धान्त पुढे करतात: डॅन्यूब एका नळातून येते, आणि तो नळ कुणाला बंद करता येत नाही. कुणी केलाच, तर व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट सगळं कोरडं पडेल!

तुम्ही हसता, आणि हसता हसता लक्षात येतं की हा विनोद पाण्यापुरता नाही. उगम शुद्ध असतो, मूळ एकच असतं, आमचंच असतं, या कल्पनेची ही टवाळी आहे. युरोपात विसाव्या शतकात 'मूळ' आणि 'शुद्ध' या दोन शब्दांनी काय केलं हे वाचकाला ठाऊक आहे. म्हणून माग्रीस त्याबद्दल भाषण देत नाहीत. नळ दाखवतात आणि पुढे जातात. पुढे माउटहाउझेनची छळछावणी येते तेव्हा तो नळ वाचकाला आपसूक आठवतो.

ऱ्हाईन आणि डॅन्यूब

पुस्तकाचा वैचारिक कणा म्हणजे दोन नद्यांची तुलना. ऱ्हाईन ही जर्मन राष्ट्राच्या मिथकाची नदी: वीरगाथांची, वंशाच्या अभिमानाची, सरहद्दीवर पहारा देणारी. डॅन्यूब ही सरमिसळीची नदी. तिच्या काठावर जर्मन, मग्यार, स्लाव, रोमानियन, ज्यू, तुर्क एकमेकांत मिसळले, भांडले, एकमेकांच्या भाषा अर्ध्यामुर्ध्या बोलले. एकाच शहराला तीन नावं: ब्रातिस्लावा, प्रेसबुर्ग, पोझोनी. शुद्धतेच्या स्वप्नाला उत्तर म्हणून माग्रीस ही नदी उभी करतात, आणि १९८६ साली त्याला धार होती. बर्लिनची भिंत पडायला अजून तीन वर्षं होती. मध्य युरोप हा शब्दच नकाशावरून गायब होता. होता फक्त पूर्व आणि पश्चिम. अशा वेळी एक लेखक पश्चिम जर्मनीतून निघतो आणि पाण्याच्या सोबतीने पडदा ओलांडून थेट रोमानियापर्यंत जातो. हे एक संपूर्ण जग आहे आणि तुम्ही ते मधोमध कापलंय, असं हे पुस्तक नुसत्या प्रवासाच्या रेषेने सांगतं.

ही तुलना सुंदर आहे, पण भूगोल तिला थोडा चिमटा काढतो. डोनाउएशिंगेनच्या खाली काही अंतरावर, इमेंडिंगेनजवळ, डॅन्यूबचं पाणी चुनखडीच्या भेगांतून जमिनीखाली उतरतं. उन्हाळ्यात तर कित्येक दिवस पात्र कोरडं ठणठणीत असतं. १८७७ साली त्या भेगांत मोठ्या प्रमाणावर मीठ आणि रंगद्रव्य टाकून बघितलं. अडीच-तीन दिवसांनी बारा किलोमीटरवरच्या आख नावाच्या झऱ्यातून हिरवं, खारट पाणी वर आलं. तो झरा जातो कॉन्स्टन्स सरोवरात, म्हणजेच ऱ्हाईनला. थोडक्यात, सरमिसळीच्या नदीचं पाणी 'शुद्ध' नदीत रोज जातं, जमिनीखालून, कुणालाही न विचारता. माग्रीस यांच्या मूळ मुद्द्याला यापेक्षा भक्कम पुरावा कुठला हवा? पण त्यासाठी नद्यांना दोन पात्रं म्हणून समोरासमोर उभं करणं सोडायला लागतं, आणि पुस्तक ते सोडत नाही. साहित्यिक नद्यांना विरोधी स्वभाव देतात. पाण्याला त्याची पर्वा नसते.

आता तक्रार

नऊ प्रकरणांपैकी पहिली चार संपतात तेव्हा आपण व्हिएन्नाच्या कॅफे सेन्ट्रालमध्ये असतो. आता खलाशाचं गणित लावून बघा. व्हिएन्ना सुमारे १९२९ व्या किलोमीटरवर आहे. म्हणजे उगमापासून जेमतेम एकतृतीयांश नदी संपली, आणि पुस्तकाची जवळजवळ निम्मी प्रकरणं खर्ची पडली. उरलेल्या दोनतृतीयांश नदीला, स्लोव्हाकियापासून त्रिभुज प्रदेशापर्यंत, पाच प्रकरणं.

केवळ पानांचा हिशेब मी मांडत नाहीये. जर्मन साहित्याचा प्राध्यापक जर्मन भागात जास्त रेंगाळणारच. मुद्दा आहे ज्ञान कुठल्या रूपात येतं याचा. दुसऱ्या प्रकरणात आपल्याला भेटतात अभियंता नेवेक्लोव्स्की. या गृहस्थाने वरच्या डॅन्यूबवरच्या नौकानयनावर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला: दोन हजारांहून जास्त पानं आणि जवळपास सहा किलो वजन. प्रत्येक भोवरा, प्रत्येक होडीचा प्रकार, नावाड्यांचे शब्द, सगळं. माग्रीस त्यांची प्रेमाने चेष्टा करतात, पण त्या चेष्टेत आदर आहे. हा माणूस सगळं जग नोंदवून ठेवायला निघाला होता, हे ते जाणतात.

आता खूप खाली या, सर्बियातल्या बनात प्रदेशात. इथे वाटाड्या आहे अंका आजी. तिच्या बोलण्यात सर्ब, हंगेरियन, जर्मन, रोमानियन सगळे येतात, सगळ्यांबद्दल तिची ठाम मतं आहेत आणि त्यातली बरीचशी एकमेकांशी जुळत नाहीत. ती पुस्तकातली सगळ्यात जिवंत व्यक्ती आहे. मला नेवेक्लोव्स्कींपेक्षा ती जास्त आवडते. पण बघा काय झालं: वरच्या नदीचं ज्ञान ग्रंथालयात आहे, खंडांत, लेखकाच्या नावानिशी. खालच्या नदीचं ज्ञान एका म्हातारीच्या तोंडी आहे. त्याच्याही खाली, बल्गेरियाच्या प्रकरणाचं तर शीर्षकच 'अनिश्चित नकाशा' अशा अर्थाचं आहे.

नकाशा कुणासाठी अनिश्चित? विदिन किंवा रूसे या गावांत राहणाऱ्याला आपलं गाव कुठे आहे ते नक्की माहीत असतं. नकाशा धूसर होतो तो वरून येणाऱ्याच्या नजरेत. आणि माग्रीस हे इतके सावध लेखक आहेत की हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. हाब्सबुर्ग साम्राज्याच्या गोड आठवणी साहित्यात कशा रचल्या गेल्या, यावरच तर त्यांचं १९६३ चं पहिलं पुस्तक आहे. त्या मोहाची चिरफाड करणारा माणूस पुन्हा त्याच उतारावरून घसरतो, कारण उतार नदीचाच आहे. उगमापासून मुखाकडे जायचं ठरवलं की गोष्ट आपोआप 'आपल्या' माहितीतून 'त्यांच्या' गूढतेकडे वाहायला लागते.

हा एकट्या माग्रीस यांचा दोष नाही

पॅट्रिक ली फर्मर घ्या. डिसेंबर १९३३ मध्ये अठरा वर्षांचा हा मुलगा हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि कॉन्स्टॅन्टिनोपलकडे चालत निघाला. आधी ऱ्हाईन, मग डॅन्यूब. हा प्रवास त्याने लिहिला म्हातारपणी: पहिला खंड १९७७ साली, दुसरा १९८६ साली (म्हणजे 'डॅन्यूब'च्याच वर्षी!), आणि तिसरा त्याच्या मृत्यूनंतर, २०१३ मध्ये. इंग्रजीतल्या प्रवासलेखनाचा हा कळस मानतात, आणि वाक्यावाक्याला ते पटतं.

पहिला खंड संपतो १९३४ च्या ईस्टरच्या सुमारास एस्तेरगोमच्या पुलावर. एका बाजूला स्लोव्हाकिया, दुसऱ्या बाजूला हंगेरी, मधे हा मुलगा, खाली नदी. अप्रतिम शेवट आहे. पण १९७७ साली वाचक हे वाचत होता तेव्हा तो पूल तिथे नव्हता. डिसेंबर १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला होता. मग दोन 'मित्र' साम्यवादी राष्ट्रांना तो पुन्हा बांधायला सवड झाली नाही. तब्बल सत्तावन्न वर्षं त्याचे खांब पाण्यात उभे होते. पूल पुन्हा सुरू झाला २००१ साली. फर्मर यांच्या गद्यात पूल चमकतो, दोन काठांवरच्या माणसांसाठी तो तुटलेला असतो. एकाच जागेची ही दोन सत्यं आहेत, आणि लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पुस्तकाला त्यातलं एकच दिसतं.

एक गोष्ट मात्र फर्मर यांना दिसली, आणि ती त्यांनी मनापासून लिहिली: अदा काले. रोमानिया आणि सर्बियाच्या मधल्या घळीत, आयर्न गेट नावाच्या भागात, हे तुर्की वस्तीचं एक छोटं बेट होतं. १८७८ च्या बर्लिन परिषदेत सरहद्दी आखणारे हे बेट विसरले, त्यामुळे कागदोपत्री ते पुढची कित्येक वर्षं ऑटोमन सुलतानाचंच राहिलं. मशीद, अंजिराची झाडं, कॉफी, तंबाखू. १९३४ साली फर्मर तिथे राहिले. १९६४ ते १९७२ या काळात रोमानिया आणि युगोस्लाव्हियाने मिळून तिथे धरण बांधलं, आणि बेट पाण्याखाली गेलं. मशिदीतला मोठा गालिचा नदीच्या पार खाली, कॉन्स्टान्त्साच्या मशिदीत नेऊन ठेवला. तो आजही तिथे आहे. फर्मर यांचा दुसरा खंड या बुडालेल्या जगाच्या शोकाने संपतो. नर्मदाकाठचं मणिबेली ज्यांना आठवतं त्यांना तो शोक समजावून सांगायला नको. एक फरक मात्र नोंदवायला हवा: मणिबेलीचे लोक स्वतः बोलले, लढले. अदा कालेच्या वतीने बोलतो तो एक पाहुणा, पन्नासेक वर्षांनी.

उलट दिशा

आता खलाशाकडे परत येऊ. डॅन्यूबचे किलोमीटर मोजतात सुलिनापासून. रोमानियाच्या त्रिभुज प्रदेशातलं हे छोटं बंदर म्हणजे शून्य. रूसे सुमारे ४९५, बेलग्रेड ११७०, बुडापेस्ट १६४७. ऱ्हाईनचं याच्या बरोबर उलट आहे, ती कॉन्स्टन्सपासून खाली मोजली जाते. डॅन्यूबच्या उगमाबद्दलच भांडण असताना तिथून मोजणार तरी कसं, असं गमतीने म्हणता येईल. पण क्रिमियाच्या युद्धानंतर १८५६ साली नदीच्या मुखासाठी युरोपीय आयोग नेमला गेला, सुलिनाचा गाळ काढून जहाजांना वाट करून दिली गेली, ती समुद्राकडून येणाऱ्या व्यापारासाठी. म्हणजे लेखक नदी वरून खाली वाचत असतात, पण नदीवर काम करणारे तिला खालून वर मोजतात.

खालून वर वाचणारा एक लेखक आपल्याकडे आहे: एलियास कानेत्ती. जन्म १९०५, रूसे. घरात स्पॅनिश ज्यूंची लादिनो भाषा. १९८१ चं नोबेल. आत्मचरित्राच्या पहिल्या खंडात ते सांगतात की त्यांच्या लहानपणी गावात एका दिवसात सात-आठ भाषा कानावर पडायच्या. आणि कुणी डॅन्यूबवरून वर व्हिएन्नाला निघाला, की लोक म्हणत, तो युरोपला चाललाय. युरोप तिथे सुरू होत होता जिथे एके काळी तुर्की साम्राज्य संपत होतं.

आपण हे वाक्य जरा सावकाश वाचूया. सांगणारा युरोपातच उभा आहे, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या नद्यांपैकी एकीच्या काठावर. तरी 'युरोप' वर कुठेतरी आहे. आपल्यापैकी जे इथे येऊन दहा-वीस वर्षं राहिले त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. माझी मावशी आजही फोनवर विचारते, "काय, तिकडे फॉरेनला कसं चाललंय?" मी जिथे स्वयंपाक करते, कर भरते, डॉक्टरकडे रांगेत बसते, ते 'फॉरेन'. कानेत्तींच्या गावकऱ्यांसाठी युरोप हा नकाशावरचा भूभाग नव्हता, ती एक चढण होती. माग्रीस रूसेला जातात ते कानेत्तींचं घर शोधत, आणि ती पानं चांगली आहेत. पण रूसे तिथे एका मोठ्या लेखकाचं जन्मगाव म्हणून येतं. चढणीच्या तळाशी उभं राहून वर बघणं कसं असतं, ते कानेत्तींच्या त्या एका आठवणीत जास्त आहे.

आडवी दिशा

तिसरी दिशा राहिली, आणि ती दोन्ही प्रकारच्या पुस्तकांतून निसटते: या काठावरून त्या काठावर.

रूसेच्या समोर, रोमानियाच्या बाजूला, जुर्जु नावाचं गाव आहे. तिथल्या रासायनिक कारखान्यातून क्लोरीन वायू वाऱ्याबरोबर नदी ओलांडून रूसेत यायचा. लहान मुलांना श्वास घेता येईना. सप्टेंबर १९८७ मध्ये, म्हणजे 'डॅन्यूब' प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षी, रूसेतल्या आया मुलांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९८८ साली त्यातून एक समिती उभी राहिली. साम्यवादी बल्गेरियातल्या पहिल्या उघड विरोधांपैकी तो एक. पुढच्याच वर्षी तिथली राजवट कोसळली. त्या पाडावाची एक वात या गावात पेटली होती, आणि ती पेटवली नदीच्या पाण्याने नाही, नदीवरून आडव्या आलेल्या वाऱ्याने.

किंवा पूल घ्या. रोमानिया आणि बल्गेरिया यांच्यामधे डॅन्यूब सुमारे ४७० किलोमीटर सरहद्द म्हणून वाहते. त्या अख्ख्या लांबीवर २०१३ पर्यंत एकच पूल होता: रूसे-जुर्जुचा, १९५४ साली बांधलेला, नाव 'मैत्री'! दुसरा, विदिन आणि कालाफात यांना जोडणारा, २०१३ मध्ये झाला. चाउशेस्कूच्या काळात तर रोमानियातले लोक आयर्न गेटच्या परिसरात रात्री पोहून युगोस्लाव्हियाचा काठ गाठायचा प्रयत्न करत. कित्येक जण बुडाले, काहींना गोळ्या घातल्या. माग्रीस यांच्यासाठी नदी म्हणजे माणसं जोडणारा धागा. पोहणाऱ्याला ती भिंतच होती.

बोटीवर असताना मी हे सगळं विसरले होते. ध्वनिक्षेपकावरून माहिती चालू होती: उजवीकडे हाइनबुर्ग, डावीकडे देवीनचा किल्ला, नेपोलियनच्या सैन्याने १८०९ मध्ये उडवला, वगैरे. हाइनबुर्गजवळच्या त्या झाडीत डिसेंबर १९८४ मध्ये हजारो लोक थंडीत तळ ठोकून बसले होते, म्हणून तिथलं वीजधरण रद्द झालं आणि नदीचा हा तुकडा अजून मोकळा वाहतो, हे ध्वनिक्षेपकाने सांगितलं नाही. देवीनच्या पायथ्याशी, पडदा ओलांडताना मारल्या गेलेल्यांचं स्मारक आहे, हेही नाही. पर्यटनाची बोट आणि थोर पुस्तक यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. पण दोघांची दिशा एकच असते, आणि दिशेमुळे जे सुटतं त्यातलं बरंच दोघांचंही सुटतं.

मग पुस्तक वाचायचं की नाही?

वाचायचं. अगदी जरूर वाचायचं. माझी तक्रार अशा पुस्तकाबद्दल आहे ज्याने मला तक्रार करायला शिकवलं. उगमाच्या दाव्यावर हसायला माग्रीस यांनीच शिकवलं. मी फक्त तो विनोद त्यांच्या प्रवासाच्या दिशेला लावून बघतेय. आणि हे पहिल्यांदा मला सुचलं असंही नाही. हंगेरियन कादंबरीकार पेटर एस्टरहाझी यांनी १९९१ मध्ये डॅन्यूबवरून खाली जाणारी एक खट्याळ कादंबरी लिहिली, ज्यात भाडोत्री प्रवासी ही संकल्पनाच त्यांनी उलटीपालटी केली. 'डॅन्यूब'ला काठावरच्या माणसाने दिलेलं ते उत्तर आहे, असं मी समजते.

आपल्या मराठी वाचकाकडे यासाठी एक हत्यार आधीपासून आहे. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ज्यांनी वाचली आहे, त्यांना नर्मदा परिक्रमेचा नियम माहीत असेल. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, एका काठाने जायचं आणि दुसऱ्याने परत यायचं. परिक्रमेचं मी उगाच कौतुक करत नाहीये. धरणांनी ती वाटही कित्येक ठिकाणी बुडवली आहे, आणि श्रद्धेच्या पुस्तकांतही काठावरची माणसं पुष्कळदा फक्त भिक्षा वाढण्यापुरतीच येतात. पण त्या नियमात वाचनाची एक शिस्त आहे: मुखापाशी पोचलात म्हणजे निम्मंच झालं. अजून समोरच्या काठाने, चढणीने परत जायचंय. डॅन्यूबवरची ही पुस्तकं समुद्र दिसला की संपतात.

माग्रीस यांचं पुस्तक संपतं सुलिनाच्या बंदरात. ते लिहीत होते तेव्हा सुलिना हे संपत चाललेलं, झोपाळू ठिकाण होतं, शेवटासाठी अगदी योग्य. २०२२ नंतर काळ्या समुद्रातली युक्रेनची मोठी बंदरं युद्धाने कोंडली, तेव्हा धान्य डॅन्यूबवरच्या इझमाइल आणि रेनी या बंदरांतून निघायला लागलं आणि सुलिनाच्या कालव्यात जहाजांची रांग लागली. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या बंदरांवर ड्रोनचे हल्ले झाले; पलीकडच्या काठावर, रोमानियात, खिडक्या हादरत होत्या. पुस्तकातली सगळ्यात पातळ पानं ज्या भागाबद्दल आहेत, तिथे आज युरोपचं पुढे काय होणार याचा हिशेब चाललाय. नदीचा शेवट समजलेली जागा खरोखरच शून्य निघाली: जिथून मोजायला सुरुवात होते ती.

म्हणून माझी एक साधी सूचना. 'डॅन्यूब' हातात घ्याल तेव्हा एकदा शेवटच्या प्रकरणापासून वाचा. आधी सुलिना, मग रूसे, मग अंका आजी, मग बुडापेस्ट, आणि सगळ्यात शेवटी तो नळ. प्रत्येक तुकडा स्वतंत्र असल्यामुळे हे सहज जमतं. मी तसं केलं तेव्हा कॅफे सेन्ट्रालपर्यंत पोचायला मला फार वेळ लागला, आणि पोचल्यावर व्हिएन्ना मला पहिल्यांदाच लांबचं, जरा चमत्कारिक शहर वाटलं. नेवेक्लोव्स्कींचे सहा किलोही वेगळेच दिसले. इतकं सगळं लिहून ठेवायला एखाद्या प्रदेशाकडे किती शांतता, किती पैसा आणि किती कागद असावा लागतो, हा प्रश्न आधी कधी पडला नव्हता.

ब्रातिस्लावाहून आम्ही संध्याकाळच्या बोटीने परतलो. प्रवाहाविरुद्ध वेळ जास्त लागतो, इंजिनाचा आवाजही मोठा असतो. पुस्तक मी पिशवीत ठेवलं होतं. आई काठावरचे फलक वाचत होती. १८८०, १८८१, १८८२. "आता कसे नीट वाढतायत," ती म्हणाली, आणि डब्यातला चिवडा पुढे केला.